कंपनी दिवाळखोर, नोकरीही गेली. थकलेला पगार सिद्ध कसा करायचा?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेले जेट एअरवेजचे विमान मुंबईत उतरले आणि त्या कंपनीची सेवा थांबली. वैमानिकांपासून विमानतळावरील कामगारांपर्यंत हजारोंचे पगार त्याआधीच थकले होते. २० जून २०१९ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजेच एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने कंपनीविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया दाखल करून घेतली. जून २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, पण ती अमलात आली नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. शेवटचे उड्डाण आणि हा आदेश यांच्यात साडेपाच वर्षांचे अंतर होते.

जेटचे नाव मोठे असल्यामुळे तिच्या कर्मचाऱ्यांची व्यथा वृत्तपत्रांतून सर्वांपर्यंत पोहोचली. औद्योगिक वसाहतीतील एखादा लहान कारखाना बंद पडतो, तेव्हा मात्र दरवाजावरच्या नोटिशीपलीकडे कोणालाच काही कळत नाही. कामगारासमोर त्या वेळी दोन प्रश्न उभे राहतात. केलेल्या कामाचा पगार कसा मिळवायचा, हा पहिला. आणि बेकायदा काढून टाकल्याची दाद कोठे मागायची, हा दुसरा. कंपनी सुस्थितीत असेल तर दोन्हींची उत्तरे कामगार कायद्यांत सापडतात. कंपनी दिवाळखोरीत गेली की मात्र 'नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६' मध्ये येऊन उभी राहते आणि अन्याय झाला की नाही यापेक्षा दावा किती रकमेचा, त्याला कागदाचा आधार कोणता आणि तो कोणत्या तारखेला दाखल झाला, यांना अधिक महत्त्व येते.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

थकीत पगार आणि बेकायदा बडतर्फी या दोन तक्रारी एकाच अर्जात लिहिल्या जात असल्या, तरी त्यांच्या पुराव्याचे नियम वेगळे आहेत.

पगाराच्या बाबतीत कायदा कामगाराच्या बाजूने झुकलेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी वेतन संहितेनुसार, पगार दिला गेला नाही असा दावा दाखल झाला की तो दिला आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. नोकरीवरून काढल्यास किंवा कामगाराने राजीनामा दिल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. वेतनाचा दावा दाखल करण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

बडतर्फीचे गणित अधिक गुंतागुंतीचे असते. गैरवर्तनाच्या आरोपावरून काढले असेल, तर तो आरोप आणि त्यासाठी झालेली चौकशी योग्य होती हे मालकाला दाखवून द्यावे लागते. परंतु 'हा आमचा कामगारच नव्हता' किंवा 'याने सलग काम केलेच नाही' अशी भूमिका मालकाने घेतली, तर पहिला भार कामगारावर येतो. कामगार कपातीच्या नुकसानभरपाईसाठी बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम दाखवावे लागते. हे सिद्ध करणे कामगाराचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. २००५ मधील निकालात न्यायालयाने त्याला एक व्यवहार्य जोड दिली. कामगाराने स्वतः साक्षीसाठी उभे राहावे आणि हजेरीपट, वेतन नोंदवही, नेमणूकपत्र हे मालकाच्या ताब्यातील दस्तऐवज हजर करण्याची मागणी करावी. नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला निकालही महत्त्वाचा आहे. बेकायदा काढून टाकल्याचे ठरले, तर सेवासातत्यासह पुनर्नियुक्ती आणि मधल्या काळाचे वेतन हा सर्वसाधारण नियम मानावा, असे न्यायालयाने म्हटले. मात्र 'मधल्या काळात अन्यत्र कमाईची नोकरी नव्हती' हे कर्मचाऱ्याने प्रथम सांगितले पाहिजे. त्यानंतर ते खोटे असल्याचे दाखवण्याची जबाबदारी मालकावर जाते.

खटला थांबतो, पण मुदत चालूच राहते

एनसीएलटीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेताच कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते. नवा दावा दाखल करता येत नाही आणि जुना पुढे नेता येत नाही. कामगार न्यायालयातील बडतर्फीचा खटला त्याच जागी थबकतो. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सुरू असलेली वसुलीही थांबते. स्थगितीचा हा काळ दावा दाखल करण्याच्या कायदेशीर मुदतीतून वगळला जातो, एवढा दिलासा संहितेने दिला आहे.

नेमके याच टप्प्यावर अनेक कामगारांचे मोठे नुकसान होते. 'आपला खटला न्यायालयात आहेच. तो सुरू झाला की पाहू' असे समजून ते गप्प बसतात. परंतु १३ एप्रिल २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठाम शब्दांत सांगितले, की निराकरण योजना मंजूर झाल्यावर तिच्यात समाविष्ट नसलेले जुने दावे संपुष्टात येतात. नवा मालक कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. त्या पाटीवर कामगाराचे नाव आधी लिहिले गेले नसेल, तर पुढे कामगार न्यायालयात बडतर्फी बेकायदा ठरूनही पैसे कोणाकडून घ्यायचे, हा प्रश्न उरतो.

म्हणूनच कामगार न्यायालयातील प्रकरण प्रलंबित असले, तरी निराकरण व्यावसायिकाकडे स्वतंत्र दावा दाखल करणे आवश्यक ठरते. निराकरण व्यावसायिक म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार हाती घेणारा, एनसीएलटीने नेमलेला अधिकारी. त्याच्या नेमणुकीनंतर एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात जाहीर सूचना प्रसिद्ध होते. नेमणुकीपासून १४ दिवस ही दावे देण्याची पहिली मुदत असते. ती चुकल्यास विलंबाचे कारण देऊन नंतरही दावा देता येतो. २०२३ मधील दुरुस्तीनुसार त्याची मर्यादा प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा योजना मागवण्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल ती आहे. एकट्या कामगारासाठी 'फॉर्म डी' आणि अनेकांच्या वतीने प्रतिनिधीने भरावयाचा 'फॉर्म ई' असे दोन नमुने आहेत. दावा समक्ष, टपालाने किंवा ई-मेलने देता येतो.

कोणते कागद चालतात?

दिवाळखोरी नियमावलीत कामगाराच्या दाव्यासाठी पुराव्याचे प्रकार सांगितलेले आहेत. ज्या काळाचा दावा आहे त्या काळातील नोकरीचा करार किंवा नोकरीचा अन्य पुरावा. थकबाकीची मागणी करणारी नोटीस आणि पैसे मिळाले नाहीत हे दाखवणारा कागद. किंवा थकबाकीबाबत न्यायालयाचा अथवा न्यायाधिकरणाचा आदेश. आदेश हाती असेल तर काम सोपे होते. परंतु बहुसंख्य कामगारांकडे तो नसतो आणि नेमणूकपत्रही क्वचितच असते.

अशा वेळी इतर नोंदी उपयोगी पडतात. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मालकाचे नाव, सेवेचा कालावधी आणि दरमहा जमा रक्कम दिसते. ज्या महिन्यापासून भरणा थांबला तो महिनाही दिसतो. बँकेच्या खातेउताऱ्यावरून पगार कधीपर्यंत आणि किती जमा होत होता हे कळते. राज्य कामगार विम्याचे कार्ड, प्राप्तिकराचा फॉर्म १६, वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र, पाळीचे वेळापत्रक, वरिष्ठांचे ई-मेल, रजेचे अर्ज हे सर्व त्या साखळीचे दुवे आहेत. वेतनचिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते, पण पासबुकात ती रक्कम नाही, ही विसंगती तर स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. कापून घेतलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

बडतर्फीचा पुरावा त्या क्षणीच तयार करावा लागतो. तोंडी 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले गेले, तर त्याच आठवड्यात कंपनीला स्पीड पोस्टने पत्र आणि ई-मेल पाठवून 'अमुक तारखेला कामावर हजर झालो असता प्रवेश नाकारण्यात आला. मी काम करण्यास तयार आहे' असे नोंदवणे हिताचे असते. दबावाखाली राजीनामा लिहून घेतला असेल, तर त्याचा लेखी इन्कारही तातडीने व्हायला हवा. कित्येक महिन्यांनी प्रथमच केलेल्या आरोपाला न्यायालयात फारसे वजन राहत नाही. कंपनी अडचणीत असल्याची कुणकुण लागताच वेतनचिठ्ठ्या आणि पासबुकाच्या प्रती काढून ठेवणे शहाणपणाचे असते. एकदा कार्यालयाला कुलूप लागले आणि संगणकयंत्रणा बंद झाली, की नोंदवही कोठे गेली हे सांगायलाही कोणी उरत नाही.

अन्यायाचा आकडा

निराकरण व्यावसायिकाचे अधिकार प्रशासकीय स्वरूपाचे आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तो दाव्यांची पडताळणी करतो, न्यायनिवाडा करत नाही. 'मला अन्यायाने काढले' एवढ्या वाक्यावर त्याला काही करता येत नाही. त्याच्यासमोर रक्कम ठेवावी लागते आणि ती कशी काढली हेही दाखवावे लागते.

उदाहरणादाखल, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा २६,००० रुपये घेणारा आणि १२ वर्षे पूर्ण केलेला एक कामगार घेऊ. त्याचा आठ महिन्यांचा पगार थकला आहे आणि नोटीस न देता त्याला काढून टाकले आहे. थकीत पगार झाला २,०८,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे २६ दिवस धरून प्रत्येक वर्षाचे १५ दिवसांचे वेतन, म्हणजे १,८०,००० रुपये. कामगार कपातीची नुकसानभरपाई प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते. महिन्याचे ३० दिवस धरून ती १,५६,००० रुपये होते. नोटिशीच्या महिन्याचे २६,००० रुपये धरल्यास एकूण दावा ५,७०,००० रुपयांचा झाला. भविष्य निर्वाह निधीची न भरलेली रक्कम याशिवाय वेगळी.

ही सारी शीर्षके स्वतंत्र ओळींत मांडणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे प्रत्येकाचे भवितव्य वेगळे असते. शिवाय, बडतर्फी बेकायदा ठरल्यास मिळू शकणारे मधल्या काळाचे वेतन ही पर्यायी मागणी म्हणून निराळी दाखवावी. मोठ्या कारखान्यांत तिला अधिक अर्थ आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी आवश्यक होती. औद्योगिक संबंध संहितेने ही संख्या ३०० वर नेली. आवश्यक असूनही परवानगी घेतली नसेल तर कपात बेकायदा ठरते आणि कामगार सेवेत होता असे मानून लाभ द्यावे लागतात. बडतर्फी कोणत्या तारखेची आहे, यावर जुना कायदा लागू की नवा, हे ठरते. वैयक्तिक बडतर्फीच्या वादासाठी पूर्वी तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांची आहे.

निकाल न लागलेल्या बडतर्फीचा दावा अनिश्चित स्वरूपाचा मानला जातो. अशा दाव्याच्या रकमेचा उपलब्ध माहितीवरून शक्य तितका अचूक अंदाज करावा, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात वादग्रस्त दावे नाममात्र एक रुपयाला स्वीकारल्याची उदाहरणे आहेत. एस्सार स्टीलच्या प्रकरणात अशा नोंदीला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यताही दिली. त्यामुळे अंदाज करण्यासाठी लागणारे कागद कामगारानेच पुरवले पाहिजेत. दावा फेटाळला गेला, तर एनसीएलटीकडे अर्ज करून त्याला आव्हान देता येते.

रांगेत कामगार कुठे?

कंपनी मोडीत निघाली की मालमत्ता विकून आलेले पैसे ठरलेल्या क्रमाने वाटले जातात. प्रथम प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च. त्यानंतर, आपले तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने, अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांतील कामगारांची देणी. त्याखाली कामगारांखेरीज इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. विनातारण कर्जदाते, सरकारी देणी आणि भागधारक यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. 'कामगारांची देणी' या संज्ञेत कामगार कायद्यानुसार मिळणारी नुकसानभरपाईही येते. बडतर्फीचा वाद रकमेत बसवण्याचे महत्त्व त्यामुळेच आहे.

येथे एक धोका लक्षात घ्यायला हवा. कायद्याच्या शब्दांनुसार २४ महिन्यांची मोजणी अवसायन सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे होते. निराकरण प्रक्रिया वर्षानुवर्षे रेंगाळली, तर ज्या महिन्यांचा पगार प्रत्यक्षात बुडाला तेच महिने या चौकटीबाहेर पडू शकतात. उरलेली रक्कम मग रांगेत बरीच खाली जाते.

भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून मिळणाऱ्या रकमा या रांगेतच येत नाहीत. त्या कंपनीच्या वाटपयोग्य मालमत्तेचा भाग मानल्या जात नाहीत. जेटच्या प्रकरणात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण देण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो कायम ठेवला. मात्र ज्या कंपनीने ग्रॅच्युइटीसाठी वेगळा निधीच उभारला नव्हता, तेथे अवसायकाला असा आदेश देता येणार नाही, असा निर्णय याच अपील न्यायाधिकरणाने २०२० मध्ये दुसऱ्या प्रकरणात दिला होता. थकीत पगारापेक्षा या रकमांचा हक्क अधिक भक्कम असल्याने त्यांचा हिशेब कधीही एका ठोक आकड्यात मिसळू नये.

पदनाम नव्हे, काम महत्त्वाचे

'कामगार' आणि 'कर्मचारी' यांतील फरक या रांगेत थेट पैशांचा होतो. अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा कामगार ठरतो. व्यवस्थापकीय काम करणारा ठरत नाही. पर्यवेक्षकासाठी वेतनमर्यादा आहे. जुन्या कायद्यात ती दरमहा १०,००० रुपये होती, नव्या संहितेत १८,००० आहे. नेमणूकपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह' किंवा 'ऑफिसर' लिहिले म्हणून कोणी आपोआप व्यवस्थापक होत नाही. न्यायालये पदनामापेक्षा कामाचे प्रत्यक्ष स्वरूप पाहतात. म्हणून रोजच्या कामाचा तपशील, कोणाला रजा मंजूर करण्याचा अधिकार होता की नाही, याचेही कागद दाव्याला जोडणे उपयुक्त ठरते.

दिवाळखोरी प्रक्रिया सुरू असतानाच्या पगाराचा नियम आणखी निराळा आहे. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२२ रोजी सांगितले, की या काळात कंपनी चालू होती आणि संबंधितांनी प्रत्यक्ष काम केले, हे सिद्ध झाले तरच तो पगार प्रक्रियेचा खर्च म्हणून सर्वांत आधी मिळेल. नुसते हजेरीपटावर नाव असून भागत नाही. त्या काळात कामावर बोलावले गेले असेल, तर ते लेखी घेणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे अपरिहार्य आहे. पुढे अवसायनाचा आदेश निघाला, की व्यवसाय चालू ठेवला नसल्यास तो आदेशच सर्वांना सेवामुक्तीची नोटीस मानला जातो.

स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज?

पगार थकवणाऱ्या कंपनीविरुद्ध कामगारही दिवाळखोरीचा अर्ज करू शकतात. कामगार संघटनेला सर्वांच्या वतीने असा अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी कानपूरच्या जेके ज्यूट मिलच्या प्रकरणात ठरवले. मात्र मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपयांवर गेली आहे. शिवाय देण्याबाबत आधीपासूनच खरा वाद असेल, तर अर्ज टिकत नाही. बडतर्फीचा दावा बहुधा वादग्रस्तच असतो. त्यामुळे कबूल केलेला थकीत पगार एनसीएलटीत आणि बडतर्फीचा वाद कामगार न्यायालयात, अशी विभागणी करावी लागते. मागणीची नोटीस दिल्यावर कंपनीने उत्तर न देणे किंवा देणे मान्य करणे, हाही पुढे पुराव्याचा भाग होतो.

तारण घेतलेल्या बँकांच्या मागे कामगारांनी ताटकळत उभे राहायचे, ही एकेकाळची रीत होती. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांच्या देण्यांना बँकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. २०१६ च्या संहितेने ती बरोबरी २४ महिन्यांपुरती ठेवली. या रचनेला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मोझर बेअर कामगार संघटनेच्या प्रकरणात फेटाळले. कायद्याची चौकट आता स्पष्ट आहे आणि ती फारशी उदार नाही.

कंपनीच्या हिशेबवह्यांवरून कामगाराचा दावा स्वतःहून मान्य करण्याची मुभा अवसायनाच्या नियमावलीने अवसायकाला दिली आहे. परंतु ती मुभा आहे, बंधन नाही. आणि बुडालेल्या कंपनीच्या वह्या नीट ठेवलेल्या असतीलच याची खात्री नसते. त्यामुळे कारखान्याचे दार बंद झाले, की कामगारांनी प्रथम एनसीएलटीतील प्रकरणाचा क्रमांक आणि वृत्तपत्रातील जाहीर सूचनेची तारीख शोधावी. शक्य असल्यास एकत्र येऊन प्रतिनिधी नेमावा, प्रत्येकाचा हिशेब शीर्षकनिहाय मांडावा आणि दावा दिल्याची पोच जपून ठेवावी. कामगार न्यायालयातील लढा त्यानंतरही चालू ठेवता येईल. जाहीर सूचनेतील मुदत मात्र त्या लढ्याच्या निकालाची वाट पाहत नाही.